सुट्टी त्यांची, खाडा माझा

ताई,
गेली नऊ वर्षं मी घरीच पाळणाघर चालवते. सहा मुलं घेते, त्याहून जास्त नाही. त्यांतल्या दोघांच्या आया शिक्षिका आहेत. मोठ्या सुट्टीचे दहा आणि मधल्या सुट्ट्यांचे दोन, असे वर्षाचे बारा आठवडे त्या मुलांना पाठवत नाहीत आणि पैसेही देत नाहीत. शाळा सुरू झाली की जागा मात्र तयार हवी असते. पहिल्या वर्षी मीच ‘राहू द्या’ म्हटलं होतं. यंदा त्यांतल्या एकीला ‘निदान अर्धे तरी द्या’ म्हणाले, तर ती म्हणाली, ‘मूल येणारच नाही तर पैसे कशाचे? आणि तुम्ही तर घरीच असता ना.’ ते मनात रुतून बसलंय. बाकीचे चौघे पूर्ण पैसे देतात, त्यांना हे कळलं तर काय म्हणतील? माझ्या मदतनिसाला मी बारा महिने पगार देते. मी लोभी झालेय का? (मला अहोजाहो करू नका.)
तुमची, पाळणाघरवाली मावशी

मावशी,

लोभी नाहीस. पण पत्रातलं एक वाक्य तू भरभर लिहून पुढे गेलीस आणि मी तिथेच अडले: ‘पहिल्या वर्षी मीच राहू द्या म्हटलं होतं.’ तुझ्या लेखी ती भिडेपोटी दिलेली एका वर्षाची सवलत होती. त्यांच्या लेखी तो तुझ्या पाळणाघराचा नियम झाला, आणि पुढे तूही तो गप्प बसून पाळलास. त्यामुळे आज ती बाई ‘पैसे कशाचे’ विचारते, तेव्हा ती तुला फसवत नाहीये. तूच घालून दिलेली रीत ती तुला दाखवतेय. कडू लागेल, तरी हे आधी पचव. नाहीतर तू बोलायला जाशील आणि पहिल्याच वाक्याला भांडण होईल.

आता कागद-पेन घे. एका मुलाची आठवड्याची फी १०० धर, हिशोबाला सोपी म्हणून. सहा मुलं, ५२ आठवडे, वर्षाचे ३१,२००. दोन मुलांचे बारा-बारा आठवडे गेले की २,४०० कमी. आठ टक्केसुद्धा होत नाहीत. ‘जाऊ दे’ म्हणावं इतकेच वाटतात, आणि तू इतकी वर्षं तेच म्हणत आलीस. पण त्या ३१,२०० मधून मदतनिसाचा पगार जातो, वीज-पाणी जातं, विमा असेल तर त्याचा हप्ता, खेळणी, अंथरुणं, साबण, दुरुस्त्या. समजा, हे सगळं मिळून साठ टक्के. मग तुझ्या हातात उरले १२,४८०. दोन मुलं आली नाहीत म्हणून मदतनिसाचा पगार कमी होत नाही, हप्ताही होत नाही. थोडा खाऊ वाचतो, थोडी धुणी वाचतात. म्हणजे ते २,४०० जवळजवळ सगळेच्या सगळे तुझ्या १२,४८० मधून गेले. हे एकोणीस टक्के होतात. वर्षातले सव्वादोन महिने तू बिनपैशांनी राबलीस. तुझे खरे आकडे घातलेस की टक्के इकडेतिकडे होतील, पण खड्डा तुझ्याच खिशाला पडतो हे बदलणार नाही.

‘मूल येणारच नाही तर पैसे कशाचे?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुला नीट देता आलं पाहिजे. तू तास विकत नाहीस. सहाच जागा आहेत, त्यांतली एक तिच्या मुलासाठी राखून ठेवलेली आहे. दहा आठवड्यांसाठी कोण आपलं दीड वर्षाचं पोर नव्या घरात रुळवायला आणेल? रुळायलाच दोन-तीन आठवडे जातात. त्यामुळे ती जागा नुसती रिकामी राहते. आणि परत आल्यावर? दहा आठवडे आईच्या कुशीत काढलेलं मूल पहिल्या सोमवारी दारातच तुझ्या नावानं टाहो फोडतं. दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत तर आईपासून लांब होण्याची भीती ऐन भरात असते. त्या दोन आठवड्यांत तुझं काम दुप्पट होतं, हे तुला मी कशाला सांगू.

आणि ते ‘घरीच असता ना’. मला वाटतं, तुला पैशांपेक्षा हेच जास्त लागलंय. घरात बसून केलेल्या कामाला लोक काम म्हणत नाहीत, हे आपल्याला नवं नाही. पण गंमत बघ, सुट्टीत ती बाईसुद्धा घरीच असते. तिचा वर्ग रिकामा असतो, तिची जागा रिकामी नसते. शाळा उघडली की खुर्ची तिचीच. तू नेमकं हेच तिच्या मुलासाठी करतेस. ही तुलना तिला लगेच उमगेल. फक्त टोमणा म्हणून मारू नकोस. बोलता बोलता, शांतपणे सांग.

मात्र एक गोष्ट गृहीत धरू नकोस. सगळ्याच शिक्षकांना सुट्टीचा पगार मिळतो असं नाही. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांच्या हातात त्या महिन्यांत बरेचदा काहीच पडत नाही. कायम नोकरीवाल्यांचंही वर्षभराचं गणित आधीच मांडलेलं असतं. तुझ्या दोघींपैकी कोण कुठल्या गटातली आहे, हे तुला ठाऊक आहे का? पत्रात तरी नाही. विचार. शिवाय शिक्षकांच्या घरातली मुलं तुला परवडतात, हे तूही मान्य करशील. दुपारीच मूल न्यायला येतात, उशीर क्वचित करतात, आणि सुट्टीच्या तारखा वर्षभर आधी सांगू शकतात. बाकीच्या चौघांपैकी कोण पुढच्या महिन्याचंसुद्धा सांगू शकतं?

मी एकदा पलीकडच्या बाजूला होते, म्हणून हे बोलतेय. माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिची आजी आमच्याकडे राहायला आली. मी पाळणाघरात सांगितलं, दीड महिना मूल येणार नाही, पैसे त्यानंतर. तिथल्या मावशी ‘बरं’ म्हणाल्या, आणखी एक अक्षर नाही. मला वाटलं, किती समजूतदार बाई. तीन महिन्यांनी त्यांनी सांगितलं, पुढच्या सत्रात जागा नाही. मी रागावले, चार जणींना सांगत सुटले. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्यांचं ‘नाही’ त्या दिवशी त्या ‘बरं’मध्येच होतं, फक्त मला ते ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तेव्हाच ‘अर्धे द्या’ म्हटलं असतं, तर मी कुरकुर करत का होईना, दिले असते. तेव्हा तू पहिल्यांदाच तोंड उघडलंस, हे वाईट केलंस असं समजू नकोस.

आता करायचं काय? आधी स्वतःला एकच प्रश्न विचार: उद्या एक जागा सुटली तर ती किती दिवसांत भरेल? दारात वाट बघणारे पालक असतील, पंधरवड्यात भरणार असेल, तर सरळ ५२ आठवड्यांची फी सांग. ज्यांना परवडेल ते राहतील. पण जागा भरायला तीन-चार महिने लागणार असतील, तर तुटेपर्यंत ताणू नकोस. बारा आठवड्यांच्या पैशांसाठी भांडायचं आणि सोळा आठवडे जागा रिकामी ठेवायची, हा कुठला धंदा? बायका रागाच्या भरात नियम करतात आणि मग रात्रभर जागतात, म्हणून हे आधी तपास म्हणते.

तुझ्या पत्रावरून मला तू दोन्हींच्या मधली वाटतेस. मग माझं मत असं: मधल्या छोट्या सुट्ट्यांची पूर्ण फी, मोठ्या सुट्टीत जागा राखून ठेवण्याची अर्धी फी. एका मुलाचे वर्षाचे ४,७०० येतील. दोघांचे मिळून हजारच कमी, २,४०० नाही. त्या बदल्यात त्यांनाही काहीतरी दे: सुट्टीत आठवड्यातून एखाद-दोन दिवस मूल ठेवता येईल, आदल्या आठवड्यात सांगितलं की झालं. शिक्षिकांनाही सुट्टीत प्रशिक्षणं, बैठका, दवाखाने असतातच. मूलही तुला विसरणार नाही.

काही जणी वेगळं करतात. सुट्टीचे पैसे घेतच नाहीत, पण शाळेच्या चाळीस आठवड्यांचा दर १३० लावतात. वर्षाचे ५,२००च होतात. कागदावर चोख. पण शेजारचं मूल १०० मध्ये आणि माझं १३० मध्ये का, हे रोज दारात कोण समजावत बसणार? आणि सुट्टीत त्यांचा तुझ्याशी काहीच व्यवहार उरत नाही, त्या परत आल्या नाहीत तर तुला कळणारही नाही. मला हा मार्ग आवडत नाही.

वर्षाची रक्कम बारा समान हप्त्यांत घ्यायची कल्पना मात्र चांगली आहे, विशेषतः ज्यांचा पगार बारा महिने येतो त्यांच्यासाठी. फक्त त्यात एक भोक आहे ते बुजव. समज, शाळेबरोबर हप्ते सुरू झाले आणि मोठ्या सुट्टीच्या तोंडावर त्यांनी मूल काढलं. तोवर ४२ आठवडे पूर्ण सांभाळलंस, म्हणजे ४,२०० झाले. हप्ते दहाच आले, ३९२च्या आसपासचे, म्हणजे ३,९००च्या थोडे वर. पावणेतीनशे तुझे बुडाले. म्हणून शेवटचा हप्ता आगाऊ अनामत म्हणून घेऊन ठेव, आणि मूल काढायचं तर एक महिना आधी लेखी कळवायचं, हेही लिही.

सुट्टीत ती जागा भरायचीही एक वाट आहे, जी बहुतेक जणींच्या लक्षात येत नाही. शाळकरी मुलं! शिक्षक नसलेल्या आईबापांची सहा-आठ वर्षांची पोरं नेमकी त्याच आठवड्यांत मोकाट असतात. तुझ्या बाकीच्या चार घरांतच अशी मोठी भावंडं असतील. किती आणि कुठल्या वयाची मुलं ठेवायची मुभा आहे, तेवढं बघून घे. पण मग एक पथ्य पाळ. जागा दुसऱ्याला दिलीस तर त्या शिक्षिकेकडून राखणावळ घेऊ नकोस. एकाच खाटेचं दोघांकडून भाडं घेतलंस तर मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही.

आणि हे यंदा लागू करू नकोस. यंदाच्या सुट्टीवर पाणी सोड. मधेच नियम बदललास तर ‘घरीच असता’ म्हणणारीला आणखी एक वाक्य मिळेल. नवं सत्र सुरू व्हायच्या दोन महिने आधी एका कागदावर सगळं लिही आणि तोच कागद सहाही घरांना दे. तुझ्या त्या चौघांची काळजी यातच मिटते. त्यांना कळेल का, असं विचारतेस? अगं, ने-आण करताना दारात आया काय बोलतात असं तुला वाटतं? त्यांना बहुधा कळलेलंच आहे. म्हणून ‘शिक्षकांसाठी’ हा शब्दच कागदावर नको. ‘तीन आठवड्यांहून जास्त सलग मूल येणार नसेल आणि दोन महिने आधी लेखी कळवलं असेल, तर त्या काळाची अर्धी फी’, एवढंच लिही. कुणाचं मूल महिनाभर आजोळी गेलं तरी हाच नियम.

त्या दोघींशी मात्र कागद देण्याआधी समोरासमोर बोल. संध्याकाळी दारात, मूल कडेवर असताना नको. वेळ ठरवून बोलाव. सुरुवात स्वतःपासून कर: ‘पहिल्या वर्षी मी राहू द्या म्हटलं, ती माझी चूक झाली, मला ते झेपत नाहीये. यंदा जुनंच चालू दे. पुढच्या सत्रापासून असं करायचं ठरवलंय. विचार करून पंधरा दिवसांत सांगा, तोवर जागा तुमचीच.’ मग गप्प बस. समोरची गप्प झाली की आपणच घाबरून दर उतरवतो. ते करू नकोस. सुट्टीत पगार नसलेली असेल तर हप्ते लांबव, रक्कम कमी करू नकोस. आणि एखादी सोडून गेली, तर जाऊ दे. मूल रडेल, तूही रडशील.

एक राहिलं. एवढ्या पत्रात सगळ्यांच्या सुट्ट्या आहेत, तुझी एकही नाही. नऊ वर्षांत तू कधी पाळणाघर बंद ठेवलंस का गं? त्या कागदावर सगळ्यात वर तुझे दोन आठवडे लिही, तारखांसकट. मोठ्या सुट्टीतलेच घे, म्हणजे निदान दोन घरांची अडचण होणार नाही. बाकीच्या चौघांना वर्षभर आधी कळलं तर तेही सोय करतील. त्या दोन आठवड्यांची फी घ्यायची की नाही, ते तू ठरव. मी असते तर घेतली असती.

तुझी,
ताई