रिपोर्ट नॉर्मल, मग घशातला गोळा कसला?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. म्हणजे मी खोटं बोलतेय का?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस फाईल मांडीवर घेऊन बसला की ते येणार, हे मला कळतं. कुणाच्या घशात गोळा, कुणाच्या छातीत काहीतरी अडकल्यासारखं, कुणाचं पोट चार घास खाल्ले की टम्म. फाईल जाडजूड असते आणि शेवटच्या कागदावर 'समुपदेशन घ्या' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ घरचे एकच लावतात: हिच्या मनाचे खेळ आहेत. म्हणून सुलभाताईंविषयी जरा सविस्तर लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पन्नाशीच्या सुलभाताई पोळीभाजी केंद्र चालवतात. रोज दीडशे पोळ्या हातावेगळ्या करणारी बाई. आठ महिन्यांपासून घशात लिंबाएवढा गोळा. ईएनटीकडे दाखवून झालं, एंडोस्कोपी झाली, थायरॉईड झालं, नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजतात ती मॅनोमेट्रीही झाली. यजमान सोबत आले होते. "पाच डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तरी ही ऐकत नाही."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नुसता आवंढा गिळला. थोड्या वेळानं पुन्हा गिळला. मी मनातल्या मनात मोजायला लागले. दहा मिनिटांत चौदा वेळा.

अशा माणसाला पहिल्या भेटीत मी बालपण, सासर, ताणतणाव काही विचारत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घास अडकतो, की नुसता गोळा वाटतो? हा फरक मला एका तरुण मुलानं शिकवला. तो 'टेन्शनमुळे होतंय' अशा शिक्क्यानिशी माझ्याकडे आला होता. त्याला पाणीसुद्धा अडकायचं, आणि रात्री आडवं झालं की जेवलेलं तोंडात येऊन उशी भिजायची. मी त्याला समुपदेशन न देता पोटाच्या तज्ज्ञांकडे परत पाठवलं. निघाला तो अकॅलेशिया. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सैल सोडणाऱ्या चेतापेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे ते दार उघडत नाही. मॅनोमेट्रीत ते स्पष्ट दिसलं, उपचार झाले, आज तो पोटभर जेवतो. वीस-बावीस वर्षांच्या कामात मी ज्या निर्णयांकडे समाधानानं वळून पाहते, त्यांत हा एक आहे. घास अडकणं, गिळताना दुखणं, वजन उतरणं, रक्त पडणं, आवाज आठवडेच्या आठवडे बसलेला राहणं, मानेला गाठ लागणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. माझी खुर्ची नंतर.

ताईंचं तसं काही नव्हतं आणि तपासण्या रीतसर झाल्या होत्या. मग मी त्यांच्या यजमानांनाही थांबवून घेतलं आणि दोघांना समजावलं. एंडोस्कोपीची दुर्बीण म्हणजे कॅमेरा. जखम, गाठ, अरुंद झालेली जागा त्याला दिसते. शिरा, म्हणजे नर्व्हज, कशा वागतायत ते त्याला दिसत नाही. अन्ननलिकेपासून खालपर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतींमध्ये दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं आहे. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १८९९ साली दाखवलं की बाहेरून येणाऱ्या शिरा तोडल्या तरी आतडं आपलं आपण आवळतं, सैल होतं आणि आतला ऐवज पुढे ढकलतं. आणि मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी जी व्हेगस नर्व्ह आहे, तिच्यातले सुमारे ८० टक्के धागे निरोप खालून वर नेतात. आपण समजतो, डोकं हुकूम सोडतं आणि पोट ऐकतं. प्रत्यक्षात पोटच जास्त बोलत असतं.

"मग टेन्शनचा संबंध नाही म्हणायचा?" यजमान.

"आहे, पण तुम्ही म्हणता तसा नाही." मी त्यांना मांजरीची गोष्ट सांगितली. वॉल्टर कॅनन हा हार्वर्डचा विद्यार्थी नव्यानंच सापडलेल्या एक्स-रेखाली मांजरांच्या जठराच्या लाटा बघत असे. मांजर चिडलं, घाबरलं की लाटा थांबायच्या. त्याला चुचकारून शांत केलं की परत सुरू व्हायच्या. हे त्यानं १८९८ साली छापलं. मांजर काही नाटक करत नव्हतं. घशाच्या खाली अन्ननलिकेचं जे वरचं दार आहे, तेही असंच. एरवी ते आवळलेलंच असतं, घास आला की क्षणभर उघडतं, झोपेत बरंच सैल पडतं आणि ताणाखाली अधिक आवळतं. हे धडधाकट माणसांवरच्या प्रयोगांतही दिसलंय. गोळा वाटणाऱ्या प्रत्येकाचं दार जास्त आवळलेलं असतं असं मात्र नाही. काहींचं आवळणं नेहमीचंच असतं, तिथून येणारी जाणीव तेवढी मोठी झालेली असते. पण जाणीव खरी.

यजमान गप्प झाले. ताई मात्र म्हणाल्या, "पटतंय हो मॅडम. पण गोळा आहेच."

बरोबर होतं त्यांचं. नुसत्या माहितीनं गोळा जात असता तर पाचव्या डॉक्टरकडेच गेला असता.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "आत्ता गोळा आहे?"

"आहे ना."

"मग एक करू. पाणी न पिता, पाठोपाठ पाच वेळा नुसतं गिळायचं. तुम्ही पण, मी पण."

पहिला आवंढा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला दोघींच्या माना पुढे झुकल्या. चौथा माझा अर्ध्यावर थांबला आणि पाचवा उतरेचना. ताई माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या.

"मॅडम, तुमचंही अडकलं?"

"अडकलं."

"तुम्हालाही गोळा वाटतोय?"

"आत्ता वाटतोय."

पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी दिवसभर हेच करतेय."

पाचवा आवंढा का उतरत नाही? तोंडातली लाळ संपते, हे एक कारण. दुसरं अन्ननलिकेच्या शिरांच्या कामातलं आहे. नवा घोट सुरू झाला की आधीच्या घोटामागची लाट थांबवली जाते. म्हणून घटाघटा पाणी पिताना ढकलणारी लाट शेवटच्या घोटानंतर येते. अन्नासाठी ही सोय उत्तम. तपासण्यासाठी केलेल्या कोरड्या गिळण्याला ती साथ देत नाही. कणकेच्या गोळ्यावर दर मिनिटाला बोट दाबून 'मुरली का' बघत बसलं, तर बोटाचे ठसेच दिसणार.

त्या तपासत का होत्या, हेही त्याच दिवशी कळलं. मामंजींना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. चार महिने ताईंनीच त्यांना नळीतून पेज भरवली.

"त्यांना सुरुवात कशी झाली?"

"आधी भाकरी अडकायला लागली. मग पोळी. मग भात पण."

"आणि तुम्हाला जेवताना?"

"जेवताना..." त्या थांबल्या. "जेवताना नसतो गोळा. जेवून उठले की येतो."

हे वाक्य मी म्हणू शकले असते. फाईल वाचून पहिल्याच दिवशी मला अंदाज होता. पण मी म्हटलं असतं तर पाच जणांच्या 'काही नाही'त आणखी एक सहावं जमा झालं असतं. त्यांचं उत्तर त्यांच्याच तोंडून यायला तीन भेटी लागल्या. त्या मी खर्ची पडल्या असं मानत नाही.

'न बोललेले शब्द घशात अडकतात' असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माणूस मग आपलं कुठलं गुपित दडलंय ते खणत बसतो. रडू आवरताना आवंढा येतो, भीतीनं पोटात गोळा येतो, हे आपल्या भाषेला कधीचं ठाऊक आहे. पण येणारा आवंढा जातोही. ताईंचा राहिला, कारण 'घसा पूर्वीसारखा मोकळा असलाच पाहिजे' हा हट्ट मागे उभा होता. माझं काम गोळ्यावर नसतं, त्या 'च'वर असतं. 'मोकळा असला तर बरं' इथवर माणूस आला की पहारा आपोआप ढिला पडतो.

मग आम्ही साधंच ठरवलं. गिळून बघायची उबळ आली की लगेच गिळायचं नाही, हातातली पोळी लाटून पूर्ण करायची. तरी राहवलं नाही तर पाण्याचा एकच घोट. खाकरायचं नाही, आरशात घसा बघायचा नाही, मोबाईलवर लक्षणं शोधायची नाहीत. सोडून दिलेली भाकरी परत ताटात आणायची, आधी दुधात कुस्करून, मग तशीच. यजमानांना दोन पथ्यं दिली: 'मनाचं आहे' म्हणायचं नाही आणि 'आज गोळा कसा आहे?' विचारायचं नाही. काळजीनं विचारलं तरी तो पहाराच. त्यांना हेही सांगितलं की २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणीत, इंटरनेटवर उत्तरं देणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना मेंदू आणि पचनमार्ग यांच्या बिघडलेल्या संवादाचा एखादा तरी त्रास होता. ते म्हणाले, "मग एवढे लोक खोटं कसं बोलतील." एवढं मला पुरेसं होतं.

मधे एक वाईट आठवडा आला. पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत गोळा परत जोरात. "सगळं पाण्यात गेलं," म्हणत आल्या. मी विचारलं, लग्नात जेवलात का? जेवल्या होत्या, जिलेबीसकट.

सातव्या भेटीला डबा घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. आम्ही दोघी जेवलो. मी मुद्दामच काही विचारलं नाही. डबा धुऊन पिशवीत ठेवताना त्याच म्हणाल्या, "सकाळी आला होता. कणीक मळत होते, मग राहिलंच बघायचं." आणि मग, "हेही विचारत नाहीत आता. परवा मीच म्हटलं, का हो, हल्ली विचारत नाही? तर म्हणाले, मला मॅडमनी मनाई केलीय."