अकरावीचे मार्क धरत नाहीत, मग अकरावी कशाला?

पत्र : आम्ही कागलजवळ राहतो. मुलगी दहावीला सेमी इंग्लिशमधून चांगल्या मार्कांनी पास झाली. डॉक्टर व्हायचं म्हणते, पण अजून पक्कं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासचे सर म्हणतात, अकरावीचे मार्क कुठंच धरत नाहीत. कॉलेजला नुसतं नाव घाला, जायची गरज नाही. दोन्ही वर्षं बारावी आणि नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) एवढंच करून घेऊ, गणितही सोडून द्या. काय करावं?

उत्तर : नमस्कार. सरांचं पहिलं वाक्य खरं आहे. बारावीच्या मार्कलिस्टवर अकरावीचा एकही मार्क येत नाही. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं आणि पेपरही कॉलेजच तपासतं, त्यामुळं बऱ्याच घरांत हे वर्ष दहावीचा शीण काढण्यात जातं. पण पुढच्या परीक्षा अकरावी सोडत नाहीत. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, म्हणजे २०० पैकी चाळीसेक मार्क. नीटला तर अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो आणि जवळपास अर्धा भार अकरावीवर पडतो. शिवाय बालभारतीचं बारावीचं फिजिक्स उघडून बघा, पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचा आहे. अकरावीत न्यूटनचे नियम, व्हेक्टर आणि थोडं डेरिव्हेटिव्ह झालेलं नसेल, तर पोरगी तिथंच अडकते. मग पाठांतर सुरू होतं.

आता बोर्डाचा हिशेब. बारावी ६०० मार्कांची, विषय सहा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. गणित आणि दोन भाषा प्रत्येकी ८० अधिक २०. हे तीस-तीस आणि वीस-वीस जोडले की १५० होतात. एकूण मार्कांचा चौथा हिस्सा कॉलेजात, लॅबमध्ये आणि तोंडीला मिळतो. हा हिशेब क्लासची जाहिरात सांगत नाही. लेखी ७० मध्येही वस्तुनिष्ठ प्रश्नांचे मार्क फक्त १० आहेत. बाकी एकेक, दोन, तीन आणि चार मार्कांची उत्तरं हातानं लिहायची, आकृती काढायची, गणित पायऱ्यांनी सोडवायचं. दोन वर्षं नुसते चार पर्यायांतले गोल रंगवणाऱ्या मुलीचा हात तीन तासांच्या पेपरला वळत नाही.

प्रॅक्टिकलचं जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथं होतं. केमिस्ट्रीत पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन असतं. ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये घ्यायचं, सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, वाफ दिसेपर्यंत गरम करायचं आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून, परमँगनेटचं जांभळं द्रावण थेंबथेंब सोडायचं. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रीडिंग गेलं. शिवाय द्रावण इतकं गडद असतं की ब्युरेटचं रीडिंग खालच्या वक्राऐवजी वरच्या कडेवर घ्यावं लागतं. बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात, गरम का केलंस? मोहर सॉल्ट (लोहाचा क्षार) घेतलं की गरम का करत नाहीस? ज्या मुलीनं हे हातानं केलंय ती सांगते : द्रावण थंड असताना अभिक्रिया फार सावकाश होते, म्हणून गरम. मोहर सॉल्टमधलं लोह मात्र तापवलं की हवेनंच ऑक्सिडाइज होतं. मैत्रिणीचं जर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री उतरवून काढणारी तिथं नुसती उभी राहते.

हजेरीचंही लक्षात ठेवा. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. नुसतं नाव घालणारी कॉलेजं ती कागदावर दाखवतात, पण तपासणी झाली की पोराच्या फॉर्मवर संकट येतं. त्यात पडू नका, असंच माझं मत आहे.

बोर्डाच्या मार्कांनी मेडिकलचा मेरिट लागत नाही, तो नीटचाच. पण खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ५० टक्के असावेच लागतात. इंजिनिअरिंगला बायोलॉजीऐवजी गणित धरून ४५. पुढं बी.एस्सी.ला जायचं ठरलं, तर बारावीचेच मार्क उपयोगी पडतात.

गणित सोडायचं म्हणताय. मुलीचं अजून पक्कं नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग सोडू नका. गणित गेलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं, एनडीएतला हवाई दल-नौदलाचा रस्ताही गेला. बी.फार्म आणि ॲग्री गणिताशिवाय राहतात. शिवाय ओझं कमी होईल हा भ्रम आहे, कारण सहावा विषय घ्यावाच लागतो, मग तो भूगोल असो की सायकॉलॉजी. बायफोकल, म्हणजे नेहमीच्या विषयांऐवजी घ्यायचा व्यावसायिक विषय, घेताना मात्र जपा. कॉम्प्युटर सायन्स एकट्यानं २०० मार्कांचं आहे, ते दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय खातं. तो पर्यायी विषय बायोलॉजी असेल, तर नीटची सरळ वाट बंद होते. चार विषय जमत नाहीत असं अकरावीच्या पहिल्या सहामाहीत दिसलं, तर शाखा-विषय बदलाबद्दल कॉलेजच्या ऑफिसात लगेच विचारा, मार्चपर्यंत थांबू नका.

क्लास हवाच असेल तर संध्याकाळचा किंवा रविवारचा लावा. कागलची एसटी धरून पोरगी कोल्हापूरच्या सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) सकाळी उतरते, कॉलेज करून क्लास, आणि रात्री घरी, हे रोज झेपेल का ते तिलाच विचारा. झेपत नसेल तर कोल्हापुरात हॉस्टेल बघा. प्रवेशाआधी एखाद्या दुपारी कॉलेजात जाऊन लॅब उघडी आहे का, ब्युरेटच्या स्टँडवर धूळ आहे की पाण्याचे डाग, एवढं बघून या.