जुना डिस्कसेट परत नॅसमध्ये घालू का?

शेजाऱ्याने सामाईक भिंत पाडली, त्याचं सीसीटीव्ही फुटेज घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला, अनेक डिस्क बसणारा साठवणुकीचा डबा), दावा 2025 मध्ये लावला. मधल्या काळात जागा संपली म्हणून चारही डिस्क काढून मोठ्या डिस्कचा नवा सेट घातला, जुना कपाटात. आता विचारताय, जुना परत घालून फुटेज पेनड्राइव्हवर घेऊन वकिलांना देऊ का. असे प्रश्न बरेच येतात, फक्त भिंतीच्या जागी कधी पार्किंग असतं नाहीतर पाण्याची लाइन.

नका घालू. रेड 5 मधली (म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर विभागून ठेवायच्या रचनेतली) एक डिस्क सैल बसली आणि नंतर लक्षात येऊन आत ढकलली तर नॅस रिबिल्ड सुरू करू शकतो, म्हणजे त्या डिस्कवर नव्याने लिहितो, आणि नुसतं चालू केलं तरी डिस्कवर थोडंफार लिहिलं जातंच. मग समोरचा वकील विचारणार, दावा लागल्यावर तुम्ही डिस्कला हात का लावला?

सगळं अडतंय ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेला कायदा) कलम 63(4) च्या प्रमाणपत्रावर, जे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावं लागतं. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लागते, म्हणजे फाइलवरून काढलेला, ती जराही बदलली तर बदलणारा आकडा. म्हणून आधी तज्ज्ञाकडून राइट-ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून चारही डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, काढून घ्या, फुटेज त्या इमेजमधून काढा आणि हॅश लगेच लिहून ठेवा. सेट कधी बदलला, कपाटाची किल्ली कोणाकडे होती, हे खरं सांगा, लपवलंत तर उलटतपासणीत निघेलच. बदलला त्याच दिवशी डिस्कवर तारीख आणि क्रमांक टाकायला पाच मिनिटं लागली असती हो, ते केलं असतं तर आज हे सांगणं बरंच सोपं गेलं असतं.

जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तिथेही अर्ज भरतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आणि त्याचं प्रमाणपत्र हाच वाद होता. 14 जुलै 2020 ला कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र हवंच. निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब वरचा आहे, त्याच्या जागी आता कलम 63 आहे. खटला संपायच्या आत प्रमाणपत्र उशिरा दाखल करायला कोर्ट परवानगी देऊ शकतं असंही त्यात आहे, पण त्या भरवशावर बसू नका, एकेक तारीख पुढे जाते आणि वर्षं निघून जातात.

जुन्या चार डिस्क आणि नॅसचा डबा मिळून मूळ यंत्र धरतील का, यावर वाद होऊ शकतो, ते तुमच्या वकिलांवर सोडा. इमेजचं काम मात्र याच आठवड्यात करा.