कोरोनाकाळात देणग्या भरपूर आल्या, तरी लहान स्वयंसेवी संस्था अडचणीत का आल्या?

कारण बहुतेक देणग्या धान्य, मास्क, ऑक्सिजन यांसाठी होत्या. कार्यकर्त्यांचे पगार आणि कार्यालयाचं भाडं त्यातून भागत नव्हतं. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स फंड निघाला, त्याला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चात, धरली गेली आणि कंपन्यांचा बराच पैसा तिकडे वळला. खरा फटका एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीचा: परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने तो निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. गावपातळीवरच्या अनेक संस्थांकडे पैसा याच वाटेने यायचा. ऐन महामारीत ही वाट बंद करणं मला अन्यायकारक वाटतं. अर्थात, केवळ स्थानिक देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना या दुरुस्तीची थेट झळ बसली नाही.