दुसऱ्याचं नुकसान करणं कधी नैतिकदृष्ट्या चांगलं असू शकतं का?

हो, असू शकतं. मी स्वतः केलंय आणि आजही त्याच्या बाजूने उभी आहे.

हा प्रश्न निघाला की लोक स्वसंरक्षण, युद्ध आणि फाशीबद्दल विचारतात. स्वसंरक्षणावर वाद कशाला? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अटही तिथेच आहे. आमच्यापुढचा पेच वेगळा होता. समोरचा माणूस कुणाच्या अंगावर धावून आलेला नव्हता. त्याच्याकडे सरकारी परवाना होता, आणि तो माझा चुलत दीर होता.

गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं. स्टँडजवळ भाऊजींचं देशी दारूचं दुकान. ऊसबिल जमा झालं की दुकानासमोर गाड्या मावायच्या नाहीत, आणि त्याच आठवड्यात बायका किराणा उधारीवर मागायच्या. शेजारची पोरगी रात्री दप्तर घेऊन आमच्या पडवीत झोपायला यायची. दप्तर एवढ्यासाठी, की बापाने एकदा तिच्या वह्या चुलीत घातल्या होत्या.

भाऊजींना आम्ही आधी घरी जाऊन सांगितलं, दुसरा धंदा बघा. ते ऐकेनात. तरुण पोरं म्हणाली, पेटवून देऊ. त्याला मी ठाम विरोध केला. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण झालेल्या मतदानाचं बहुमत पुरत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी आली नाही, ती उभ्या बाटलीचीच झाली. मुंबईत माथाडी कामगार असलेल्यांच्या बायका, लग्न होऊन पुण्याला गेलेल्या पण यादीत नाव राहिलेल्या लेकी, सगळ्यांना फोन करून बोलावलं. म्हाताऱ्या बायकांच्या घरी रिकामी बाटली घेऊन जायचो, ओसरीवर आडवी ठेवायचो आणि सांगायचो, अशी दिसेल तिच्यावर शिक्का मार.

बाटली आडवी झाली. भाऊजी चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, बायकांचं पत्री सरकार काढलं व्हय? आमच्या पोटावर पाय दिला तुम्ही."

मला त्या नावाची लाज नाही. १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजेच पत्री सरकारने, याच जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता) गावगुंड आणि खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या मारल्या, दारूबंदीही केली. आमचे आजेसासरे त्यात होते, आणि त्यांच्या फोटोला दर १५ ऑगस्टला हार भाऊजीच घालतात. मग त्यांनी केलं तो पराक्रम आणि आम्ही शिक्का मारला तो अन्याय कसा? उलट आमचीच रीत मला जास्त बरोबर वाटते. काठी चुकीच्या माणसाला बसली तर तो दाद कुठे मागणार? इथे सह्यांची पडताळणी झाली, मतदान झालं, भाऊजींनाही प्रचाराची मुभा होती आणि त्यांनी तो केला.

"कायदेशीर धंदा होता" हे पालुपद नात्यातल्या प्रत्येक लग्नात ऐकून घेते मी. परवाना ज्या सरकारने दिला त्याच सरकारने आम्हाला मतदानाचा हक्क दिला. आणि त्या पोरीच्या वह्या जळत होत्या तेव्हा कायदा कुठे होता?

नुकसान झालं हे मी नाकारत नाही. पुतण्याची इंजिनिअरिंगची फी थकली, त्याचं वर्ष गेलं. जाऊ वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचा राग खरा होता, तिने काहीच केलं नव्हतं. तरी उद्या पुन्हा मतदान झालं तर मी आडव्या बाटलीवरच शिक्का मारीन.

तेव्हा कुणाचं नुकसान करायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या तोंडावर सांगा, सुधारायला वेळ द्या, आणि जेवढ्याने त्रास थांबेल तेवढंच करा. नातं आहे म्हणून मागे हटू नका. आमच्याकडे निम्मे लोक त्यापायीच गप्प होते.

अर्थात दुकान बंद झालं म्हणून सगळ्यांची दारू सुटली नाही, काही जण शेजारच्या गावाला जाऊन पितात. युद्धाचं उत्तर आमच्याकडच्या फौजींनी द्यावं, ते माझं काम नाही. फाशीला मात्र माझा विरोध आहे. भाऊजींच्या गाळ्यात आज खतांचं दुकान आहे आणि पुतण्या नोकरीला लागलाय. फाशी दिलेल्या माणसाच्या बाबतीत चूक निघाली तर काय करणार?