वारशाने आपल्याला नेमके काय मिळते?

किल्ले, देवळे आणि घरातले जुने दागिने यांपलीकडे वारसा म्हणून काही असते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते असते, आणि ते वस्तूंपेक्षा लवकर नाहीसे होते. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्याचा आनंद मलाही झाला. परंतु माझे बालपण धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी गेल्यामुळे या प्रश्नावर मला प्रथम आठवते ती तिकडची फड पद्धत.

नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, अशी ही काही शतकांची व्यवस्था आहे. शेतकऱ्यांचे तुकडे साधारणपणे प्रत्येक फडात असल्यामुळे, पाणी कमी आहे म्हणून पंचांनी एखादा फड कोरडा ठेवला, तर त्याची झळ सर्वांनाच बसे. पाटाचे दार शेतकऱ्याने स्वतः उघडायचे नाही. पाणी पाटकरी देई, पिकाची राखण जागल्या करी, आणि हंगामापूर्वी गाळ काढण्यासाठी घरटी माणूस द्यावा लागे.

आजोबांच्या पश्चात तलाठ्याकडे वारस नोंद झाली आणि आत्यांसह सर्वांची नावे सातबाऱ्यावर चढली. पाण्याच्या पाळीची मात्र अशी नोंद होत नाही. ती दरवर्षी पाळली तरच पुढच्या पिढीकडे जाते. विहिरींवर पंप बसले, नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली आणि ज्याचे पाणी त्याच्या हाती आले, तेव्हा पंचांकडे जाण्याचे कारणच उरले नाही. बंधाऱ्याचे दगड अजून जागेवर आहेत.

तरीही ही पद्धत जशीच्या तशी परत यावी, असे मी म्हणणार नाही, कारण तिच्यात पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता आणि भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता. पाणी सामाईक मानण्याचा विचार घेऊन ही उणीव दूर करता येते, हे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीने दाखवले: तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिले गेले, भूमिहीनांनाही हिस्सा मिळाला आणि उसाला मनाई करण्यात आली.