द्या की काय द्यायचं ते

"मॅडम, लोक परगावी गेले की त्यांची कुत्री-मांजरं मी सांभाळतो. आता ह्याचाच धंदा करावा म्हणतो. पण घरात सगळे हसतात. मला जमंल का?"

(आमच्या कोल्हापुरात बायकाही 'करतो', 'म्हणतो'च म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.) सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसलेल्या बाई ३६ वर्षांच्या. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हिशेब लिहायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तशी नोकरी सोडली आणि चार वर्षं त्यांचं सगळं केलं. सासूबाई गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं. तेवढ्यात शेजारच्यांनी चार दिवस मांजर सांभाळायला दिलं, बदल्यात पेढ्यांचा बॉक्स. मग कुणाचा तरी लॅब्राडोर आला, बदल्यात आंब्यांची पेटी. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून हे लिहितेय, कारण थोड्याफार फरकानं हाच प्रश्न माझ्याकडं सारखा येतो.

'घरात हसतात' हे मी शब्दशः धरलं आणि अख्खा एक तास त्यावर घालवला. माझं चुकलंच. सासरे पूर्वी रोज गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाणारे, एकेकाळी घरी चार म्हशी. "म्हशीचं शेण काढलं तर घरंदाज आणि कुत्र्याला फिरवलं तर येडी," असं बाईच म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. त्या हसण्यात दुखल्याची खूण कुठंच नव्हती. म्हणजे गाठ दुसरीकडं होती.

ती पुढच्या भेटीत सापडली. मी खोटं-खोटं गिऱ्हाईक झाले. "आम्ही चार दिवस गोव्याला निघालोय, आमच्या कुत्र्याचं बघाल का? किती घेणार?"

बाईंनी पर्सची चेन उघडली, लावली. परत उघडली. "द्या की काय द्यायचं ते."

मी परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर म्हणाल्या, "आपलीच माणसं तुम्ही."

"कारखान्याच्या कोटेशनवर असं लिहून पाठवलं असतं तर?" म्हटल्यावर त्यांनी स्वतःच पेन मागितलं. दिवसातून दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत जाऊन-येऊन चाळीस मिनिटं, तिथं अर्धा तास, पेट्रोल वेगळं. हिशेब दोन मिनिटांत झाला : दिवसाला ३५० रुपये. आकडा लिहिता येत होता, उच्चारता येत नव्हता. आठवडाभर रोज स्वतःलाच व्हॉइस मेसेज करून तो म्हणायचा, एवढंच काम मी दिलं.

मी विचारलं, "सासूबाईंचं केलंत, त्याचा कधी दर लावला होता?" बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याचं कुठं काय असतंय मॅडम." ज्या हातांनी वर्षानुवर्षं फुकट सेवा केली, त्यांना तसल्याच कामाचे पैसे मागणं म्हणजे काहीतरी पाप वाटतं. धंद्याची भीती म्हणून माझ्याकडं येणाऱ्या किती जणींच्या मागं हे असतं, हे त्या दिवशी मला नव्यानं दिसलं.

कागदपत्रांचं फार नव्हतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर फुकट होते, आणि निव्वळ सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. खरी धास्ती वेगळीच होती : "कुणाच्या जनावराला काय झालं तर?" ही भीती खोटी नाही, म्हणून मी ती समजावून घालवायला गेले नाही. मनात येईल ते सगळं लिहून काढायला लावलं. त्यातूनच त्यांचा फॉर्म तयार झाला. रेबीजची आणि इतर लसी कधी दिल्या? नेहमीचे डॉक्टर कोण? रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर खर्चाला किती रुपयांपर्यंत परवानगी? खायला काय, किती? एक ओळ त्यांनी खास कोल्हापूरसाठी घातली : मटणाची शिजवलेली हाडं आणि रस्सा घालणार नाही. शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं, आणि रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. कुत्रं चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी थोरला दवाखाना (म्हणजे सरकारी सीपीआर) गाठायचा, हेही स्वतःसाठी लिहिलं.

तिसऱ्याच कामाला ब्रूनो नावाचा कुत्रा हातातून सुटला. संध्याकाळी रंकाळ्यावर कुठंतरी फटाक्याची माळ लागली. ब्रूनो मागं सरकला, मान आत घेतली आणि पट्टा बाईंच्या हातात तसाच राहिला. चाळीस मिनिटांनी सापडला तो भेळेच्या गाडीखाली, चुरमुऱ्यांत नाक खुपसून.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडं. "बंद करतो मॅडम. आपलं काम न्हवं हे."

"मालकांना सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. सांगा किंवा सांगू नका, असं मी काहीच म्हटलं नाही. पण माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला, उभं राहूनच बोलल्या. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अहो, आमच्या हातनं पण दोनदा सुटलाय तो!"

फोन ठेवल्यावर बाई चिडल्या. मला तर बरंच वाटलं, त्या दिवसापर्यंत त्या फक्त स्वतःवरच चिडायच्या. "मग आधी सांगाय नको होतं व्हय?" खुर्चीत बसल्या, फॉर्म काढला आणि खाली लिहिलं : आधी कधी सुटला आहे का? कुठं सापडला? मग आणखी एक ओळ : फिरवताना छातीचा पट्टा, गळ्याचा नाही. माझ्याकडची ती शेवटून दुसरी भेट.

दिवाळीत त्यांच्याकडं तीन कुत्री होती. चौथ्याला त्यांनी नाही म्हटलं, कारण फटाक्यांच्या दिवसांत घाबरलेली चार जनावरं एकट्या माणसानं आवरत नाहीत. हे सांगायला फोन केला तेव्हा मागून सासऱ्यांचा आवाज येत होता, "त्या पुण्याला चाललेल्यांच्याकडनं निम्मं आगाऊ घेतलंस न्हवं?"